निळा गोल

आयुषनं टाकलेला खडा खाली ठक्कन वाजला. पाण्याचा आवाज आलाच नाही.

गौतमीनं त्याला दंडाला धरून विहिरीच्या काठावरून मागं ओढलं. स्वतः डोकावली. तळाशी वाळक्या काटक्या आणि खडक. तिनं पुन्हा नकाशा उलगडला. उंचीच्या तपकिरी रेघांच्या मधोमध दरी, दरीत एकच लाल चौकोन म्हणजे सासूबाईंचं, भागुबाईंचं, जुनं घर, त्याला लागून निळा गोल. पाण्याची विहीर निळी, कोरडी काळी. कॉलेजात शिकलेलं तिला पक्कं आठवत होतं. त्या भरवशावर वरवंडहून निघताना तिनं एकच बाटली घेतली होती. ती खिंडीतच संपली. आता आयुषचे ओठ सुकले होते. तिनं त्याच्या कपाळाला तिसऱ्यांदा हात लावला.

"आत्या, हिचं पाणी कधी आटलं?"

"आटायला आधी लागावं लागतं, बाई." भागुबाई पडक्या घराच्या जोत्यावर टेकल्या होत्या. "सहा पुरुस खोल खणली. नुस्ता खडक."

"मग नकाशात निळी कशी?"

भागुबाई हसल्या. "मी तवा तुझ्याएवढी. मोजणीचा सायेब आला, दुर्बीण घिऊन. आपल्या वस्तीवरचं पाणी तवा कुणी प्यायचं न्हाई. गावची माणसं तिकडं लांब उभी राहून हाका मारायची. ह्यो हितं जोत्यावर बसला. म्हणला, ताई, पाणी द्या. अख्खा तांब्या प्याला. मग इचारलं, ह्याच विहिरीचं का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"खरं सांगितलं असतं, तर दुसरा तांब्या घेतला असता का त्यानं?"

"मग ते पाणी कुठलं होतं?"

"तिकडनं, डोक्यावर." भागुबाईंनी हनुवटीनं खिंडीकडं दाखवलं. गौतमीनं नकाशात पाहिलं. झरा खिंडीच्या पल्याड होता. मधे रेघा इतक्या दाट, की एकीला दुसरी चिकटलेली; उभा चढ.

"मला तरी आधी सांगायचं, आत्या. पोरगं बरोबर आहे."

"सांगणार हुते. पर तू म्हणालीस, आयुषला तुमच्या विहिरीचं पाणी पाजू. लई खुशीत हुतीस."

त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. आयुष घटाघटा प्यायला. थांबून त्यानं आजीकडं बघितलं. "आजी, अजून?"

"पी की, राजा. लई हाय."

बाटलीत बोटभर पाणी उरलं होतं.