हीटरची तार

गॅस पुरेसा होता. कॉम्प्रेसर फिरत होता. मेकॅनिकनं पुढची जाळी पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, पंखा तपासला, पट्टा दाबून पाहिला. तरी जुन्या गाडीतून वारा येत होता तो कोमटच.

"एसी आहे की आजाऱ्याची फुंकर?" बॉनेटशी उभे राहून काका म्हणाले. "इतक्या शिव्या खातोस माझ्या, तुला लाज कशी वाटत नाही रे?"

"सवय झाली, काका."

"आज तरी नीट कर बाबा. भाचा येतोय गाडी न्यायला. दारात गाडी उभी दिसली की वाटतं, ही आत बसलीय, माझी वाट बघतेय. नको आता ती गाडी."

काकूंना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

मघापासून मेकॅनिकनं जे जे तपासलं ते सगळं ठीक आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. आता तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं पक्कड उचलली आणि इंजिनाच्या मागे हात घातला. हीटरकडे गरम पाणी नेणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह तारेनं अर्धा उघडा बांधून ठेवलेला होता.

काका वाकले. "म्हणजे इकडे एसी आणि तिकडे हीटर? कुठल्या गाढवानं बांधलं हे?"

"मीच."

काका सरळ उभे राहिले.

"काकूंनी सांगितलं होतं. आजारपणात त्यांचे पाय बर्फासारखे गार पडायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत गार वारा सोसवायचा नाही. म्हणाल्या, खालून जरा ऊब येईल असं कर. पण ह्यांना कळू देऊ नकोस."

"मला का नाही सांगायचं? मी बंद ठेवला असता एसी!"

"म्हणूनच. ह्यांना उकाडा सोसत नाही, म्हणाल्या. घामानं निथळत गाडी चालवतील."

"अरे, शेजारी बसून मला म्हणायची, मेकॅनिक बदला. ह्याला काडीचं येत नाही!"

"माझ्या तोंडावरही म्हणायच्या. तुमची पाठ वळली की हसायच्या."

काकाही हसले. हसता हसता त्यांनी गाडीचं दार धरलं. मग हळू आवाजात विचारलं, "आणि तू तार बांधलीस, त्याच्या आधी ती तशीच गारठत बसायची?"

मेकॅनिकनं तार कापली, व्हॉल्व्ह बंद केला.

थोड्या वेळानं झोत गार झाला. अगदी थंडगार.

काका वळसा घालून गेले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. चपला काढल्या. वाऱ्याची कळ खालच्या बाजूला फिरवून दोन्ही पाय झोताखाली धरले. बोटं आखडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. हात मांडीवर ठेवून ते समोर बघत राहिले.

फाटकातून भाच्याची हाक आली, "मामा, झालं का काम?"

काकांचे पाय थरथरताना पाहून मेकॅनिकनं एसी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "दवाखाना अजून लांब आहे."