दारापुढचा स्पीडब्रेकर

परदेशातून मागवलेली गणराजची स्पोर्ट्‌स कार मारुंजीत आली आणि त्याच्याच दारापुढच्या स्पीडब्रेकरला पोट घासून अडकली. गणराजचं डोकंच फिरलं. पेट्रोलवरही पळणारी आणि चार्जिंगवरही, असली गाडी अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती, आणि पूजेच्या आधीच तिला ओरखडा!

"कुठल्या गाढवानं घातलाय हा डोंगर?" त्यानं तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये भावा, मुळासकट उखडून टाक."

औक्षणाचं ताट घेऊन आलेल्या त्याच्या आई, कौशल्याबाई, ताटासकट स्पीडब्रेकरवर उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला हो गं. गल्लीत मी ही गाडी बॅटरीवरच चालवणार. मांजरासारखी येते, कुणाला पत्तासुद्धा लागत नाही."

"तुझ्या बानं घातलाय ह्यो!" कौशल्याबाई कडाडल्या. "कपाळावरची खोक इसरलास व्हय? तीन वर्सांचा व्हतास, हितंच खेळताना गाडीनं उडावलं तुला. तुला दवाखान्यातनं घरी आणलं, आन् त्याच दिशी त्यांनी सिमेंट कालवलं."

गणराजचा हात कपाळावरच्या खोकेकडं गेला. त्याच्या गाडीभोवती गल्लीतली पोरं जमली होती. त्यांच्याकडं बघत कौशल्याबाई म्हणाल्या,

"आन् त्या गाडीला निदान आवाज तरी व्हता."