लाईट असताना

वडगावातल्या शामूचा माग लाईट गेल्याशिवाय थांबत नसे. त्याच्या खडखडाटावर आवाज चढवून दारात बसलेला मेहुणा सांगत होता, “दाजी, सौम्याला फिजिक्सच्या डिग्रीला घालू नका. पुढं नोकरी कोण देणार? इंजिनियरिंगला घाला, उद्या शेवटचा दिवस हाय.” शामूला पटत होतं. आत लेकीनं मागावरचाच रेशमी धागा स्टुलावर ताणून बांधला होता. त्याच्यावर लेसर पाडला की भिंतीवर लाल ठिपक्यांची ओळ उमटायची. त्यांच्यामधल्या अंतरावरून धाग्याची जाडी निघायची. पण ठिपके थरथरत होते. “थांबलीस का गं?” शामूनं विचारलं. “मागानं जमीन हादरतीया, आप्पा. लाईट गेली की मोजीन. लेसर सेलवर हाय.” शामूनं मागाचं बटण बंद केलं. ठिपके थांबले. वर पंखा फिरतच होता. बाहेरून मेहुण्यानं विचारलं, “लाईट गेली काय, दाजी?” “न्हाय. पोरगी धागा मोजतीया.”