मोठ्या बाईचा घास

नाताळात कचेऱ्या बंद झाल्या, की गोदाबाईची शकुन नवऱ्याला घेऊन अमरावतीहून हुरडा खायला माहेरी येई. ती बाळंतपणात गेली, आणि यंदा जावई दुसरीला घेऊन आला. गोदाबाईनं मन मारून परसात आगटी पेटवली, कणसं भाजली. शकुनसाठी राखायचा गुळाचा खडा तिनं सवयीनं पदरात बांधला होता. तो गाठीतच राहू दिला. त्या पोरीपुढं कणीस नुसतं टाकलं, चोळून दिलं नाही. पोरीनं पोळत्या हातांनी ते चोळलं, कोंडा फुंकला, आणि गेलेल्या सवतीची आठवण म्हणून दुसरीनं गळ्यात घालायचा तो शकुनच्या नावाचा चांदीचा टाक पदराबाहेर काढून पहिले दाणे त्याला लावले. “हे काय करून राह्यली वं?” गोदाबाई खेकसली. “आधी मोठ्या बाईले,” पोर चाचरली, “मंग मले. रोजचंच हाय.” गोदाबाईनं पदराची गाठ सोडली. “कोरडा नोको चारू,” ती म्हणाली, “तिले संगं गूळ लागते.”