अर्धा उजेड

युएशियाचे वडील तैनानच्या देवळांपुढे बाहुल्यांचे खेळ करायचे. राजा, राक्षस, म्हातारी, सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. बहिरी आई पडद्यामागे त्यांच्या पाठीला तळहात लावून ऐकायची. ते गेल्यावर युएशियाने त्यांची कॅसेट लावून टेपरेकॉर्डरची वायर मायक्रोकंट्रोलरच्या चिपला जोडली. आवाजाच्या लाटा चिपमधून सावकाश होऊन कागदी कंदिलातल्या दिव्यात उजळू लागल्या. आई बघत राहिली. “अर्धंच आहे,” तिचे हात बोलले, “त्यांची पाठ बाहेर यायची, तशी आतही जायची. तुझे बाबा कधी अर्धं बोललेत?” युएशिया चपापली. लाटांचा शून्याखालचा अर्धा भाग चिप वाचतच नव्हती. तिने दोन रेझिस्टर लावून आवाजाचे शून्य उजेडाच्या मध्यावर उचलले. आता कंदील शब्दागणिक उजळू, मंदावू लागला. आईने हवेतच तळहात टेकवला. कॅसेट संपली. युएशिया बटणाकडे वळली. कंदील अर्धा तेवतच होता. “थांब,” आईचे हात हलले, “श्वास घेतायत ते.”