एकाच जागी खाल्लेला पट्टा

आणखी एक पट्टा गेला तेव्हा मिस्त्रींनी इंजिनाची सायकल अंगणात स्टँडवर चढवली आणि बायकोला हाक मारली, "अगं, दोरी धर."

तिने दोरी धरली. इंजिनाच्या लहान पुलीपासून मागच्या चाकाच्या मोठ्या कड्यापर्यंत दोरी ताणून मिस्त्रींनी एक डोळा मिटला. दोन्ही एका रेषेत.

दोष पुलीचा नाही.

अंगठ्याने पट्टा दाबला. हवा तेवढाच दबला.

ताणाचा नाही.

इंजिनाखाली चिंधी फिरवली. कोरडी. त्यांनी चिंधीकडेच डोळे वटारून पाहिलं, जसं काही ती तेल पिऊन वर ना-ना म्हणत होती.

तेलाचा नाही.

मग राहिलं काय? मिस्त्री म्हणजे शिवणयंत्रांचे मिस्त्री. जन्म पट्ट्यांत गेलेला. दारात उभं राहून आतल्या मशीनचा नुसता आवाज ऐकायचे आणि पट्टा सैल की सुकलेला ते सांगायचे. घरोघरी बायकांना एकच शिकवण: आधी चाकाला हात द्या, मग पाय चालवा. आणि त्यांच्याच गाडीला पट्टा पुरेना.

हल्ली रबरच खोटं येतं, ते म्हणाले. ती "हं" म्हणाली.

तिला माहीत होतं.

गाडी निघायची रीत अशी, की आधी पायडल मारायचं, चाक फिरू लागलं की खटका ओढून पट्टा ताणायचा, आणि मग पुढचं इंजिन बघून घेतं. पायडल मारताना त्यांची पाठ डावी-उजवी डुलायची. मागे कॅरियरवर बसलेली तीही डुलायची. हिवाळ्यापासून पाठ डुलत नव्हती. उभ्या गाडीवरच खटका ओढला जायचा. रबर जळल्याचा वास यायचा, गाडी हिसका देऊन निघायची आणि ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत बसायची.

बोलणार कशी? मागच्या खेपेला लेकीने बापाचे गुडघे पाहिले होते आणि शब्द घेतला होता. पायडल मारवेना झालं की गाडी विकायची, काम बंद, दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. मिस्त्रींनी शब्द दिला होता. आपण दिलेला शब्द आणि आपण आवळलेला स्क्रू परत सैल होत नाही, असं ते स्वतःच सांगत फिरायचे.

लेकीचं घर चांगलं होतं. खिडकीतून दुसऱ्या घराची खिडकी दिसायची. इथे रोज नवं दार, मशीन उघडून बसलेले मिस्त्री, तिच्या हातात तेलाची कुपी आणि न संपणाऱ्या गप्पा.

मिस्त्रींनी पट्टा काढला.

तिला वाटलं, फेकतील. त्यांनी तो उलटा केला आणि बोटांतून हळूहळू सरकवत नेला. एका जागी बोटं थांबली. तिथे रबर जळून खोलगट झालं होतं, काचेसारखं गुळगुळीत. बाकीचा पट्टा नवाकोरा.

पुली तिरकी असती तर कड झिजली असती. ताण कमी असता तर सगळाच पट्टा चकाकला असता. एकाच जागी खाल्ला जातो तो उभा पट्टा. चाक जागेवर आणि पुली मात्र गरगर. हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

ते तसेच बसले, पट्टा मांडीवर घेऊन.

"अगं," ते म्हणाले.

"मी जाड झालेय," ती म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही मनगटं एका मुठीत मावतील अशी ती.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

दोरी तिने गुंडाळून ठेवली. उद्यापासून निघताना मी लगेच बसणार नाही, म्हणाली, गाडी हलली की बसेन, तेवढेच पाय मोकळे होतील. या वयात उड्या मारणार का, त्यांनी विचारलं. तुम्ही कुठे एवढी पळवताय, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पट्टा चढवला. तिने दोन्ही हात कॅरियरला लावले आणि पावलं टाकली. याला ढकलणं म्हणतात, पण दोघांनीही म्हटलं नाही. चाक फिरलं, खटका पडला, पट्ट्याने धरलं. वास नाही. तिची एक चप्पल मागे राहिली. पुढच्या दिवशी ती स्वतःच मागे राहिली, आणि मिस्त्री वळणावर मान खाली घालून तिची वाट बघत उभे.

त्या संध्याकाळी त्यांनी भंगाराच्या डब्यातून जुन्या हातमशीनची लाकडी मूठ शोधली आणि कॅरियरच्या मागच्या टोकाला पक्की बसवली. हे काय, तिने विचारलं. तुला धरायला, ते म्हणाले.

लेक आली तेव्हा तोच पट्टा चालू होता. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. पट्टा पाहिला. मग मूठ.

"हे कशाला, बाबा?"

"आईला धरायला."

लेक कॅरियरवर बसली आणि मुठीसाठी हात मागे नेला. पोचला नाही. वळून पुन्हा नेला. आई कुपीचं झाकण पुसत होती, पुसलेलंच.

लेक खाली उतरली. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मूठ धरली. धरायला तिला वाकावं लागलं. तशीच वाकून तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि चाक फिरलं.

"फार खाली बसवलीत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"तुझ्या आईच्या मापाची आहे," ते म्हणाले.