वल्ह्यावरची खाच
खाडीत होडी वल्हवताना तिने डॉक्टर झालेल्या बालमित्राकडे पाहिलं. डॉक्टरसाहेबांनी नव्या टोपीवरची किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती. "काका गेले, पण होडी माझ्याकडे त्यांच्याच शिस्तीत राहील," तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला. शिस्त म्हणजे तिच्या वडिलांनी वल्ह्यावर पाडलेली खाच. तिथवर न पोचणारा मासा पाण्यात परत. होडी ह्यालाच द्यायची, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात त्याच्या गळाला मासा लागला. वल्ह्यावर ठेवला, तर बोटभर कमी भरला. मग त्या शहाण्याने शेपूट धरून त्याला ताणलं. "बघ, पोचला!" त्याच्यासोबत आलेला वकील मित्र खिदळला, "अरे, रबर आहे का?" "गप रे. एवढ्याशाने काय बिघडतं?" तिने मासा पाण्यात सोडला, होडी वळवली आणि धक्क्याच्या वीस हात अलीकडे चिखलातच थांबवली. "उतरा, डॉक्टरसाहेब. होडी मिळायची नाही." "इथे?" "एवढ्याशाने काय बिघडतं?"